पाचवा महिना, एचबी 9.4 आलंय. काय खाऊ, किती चालू? बाळंतपणातलं पथ्य पण सांगा

जांबोटीकडची_सून

नमस्कार सगळ्यांना. मला कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात दिलंय, जांबोटीच्या बाजूला, माहेर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. पहिलटकरीण आहे, पाचवा लागलाय. परवा पीएचसीत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, रक्त तपासलं तर एचबी (हिमोग्लोबिन) 9.4 आलं, सिस्टर म्हणाल्या रक्त कमी आहे, रोज दोन गोळ्या घे, आणि तायी कार्डवर (पोटुशी बाईचं सरकारी तपासणी कार्ड) बरंच काय काय लिहून दिलं. पण ते सगळं कन्नडमध्ये, मला अक्षरं लागतात थोडी पण अर्थ लागत नाही, आणि त्या दिवशी एवढी गर्दी होती की विचारायचं राहूनच गेलं.

घरी सासूबाई मायाळू आहेत, माझ्यावर जीव आहे त्यांचा, पण त्यांचं म्हणणं असं की पोटुशी बाईनं जास्त खाल्लं की पोर मोठं होतंय आणि मग सिझर करावं लागतंय, त्यामुळं रात्री एकच भाकरी वाढतात. शेजारच्या काकू सांगून गेल्या की त्या लाल गोळ्यांनी बाळ काळं होतंय. पपई नको, केळं नको, अंडं उष्ण, वांगं वातूळ, मग राहिलं काय? भात नि आमटी. आणि तिकडं माझी मावसबहीण पुण्याला, ती पण पोटुशी आहे, ती रोज फोन करून सांगतेय की तिचा योगा क्लास चालू आहे, प्रोटीन पावडर घेतेय, तू पण घे. इथं कुठला क्लास आणि कुठली पावडर.

आता पाऊस लागलाय, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, दारातनं बाहेर पाऊल टाकता येत नाही, चालायचं कुठं? लावणी पण तोंडावर आलीय, मला कोण शेतात ये म्हणत नाही पण सगळी राबताना आपण घरात बसायचं जिवावर येतंय. गेलं तर चालेल का? आणि गोळी घेतली की मळमळतंय, संडासला काळं आणि कडक होतंय, ती बंद करू का?

अजून एक, बाळंतपणाला माहेरी जाणार. आमच्या आईकडं बाळंतिणीला मऊ भात, तूप, मेथीचे लाडू एवढंच देतात, पाणी पण मोजून, पालेभाजी महिनाभर बंद. ते बरोबर आहे का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा प्लीज.

निपाणीची_थोरली

अगं पहिल्यांदा अभिनंदन. आणि घाबरू नको, आपल्याकडं निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमीच असतंय, पण म्हणून सोडून द्यायचं असं पण नाही.

डॉक्टरी मी काय सांगत नाही, खाण्याचं सांगते, दोन बाळंतपणं आणि दोन सुनांची बाळंतपणं केल्यात. पावडर वगैरे डोक्यातनं काढून टाक बाई. तुमच्या घरात हुलगे असतील, मटकी असेल, पावटा, शेंगदाणे, नाचणा, गूळ सगळं असणार. सकाळी भिजत घालायचे हुलगे, रात्री फडक्यात बांधायचे, पावसाळ्यात मोड यायला जरा वेळ लागतोय म्हणून ते गाठोडं चुलीच्या कडंला ऊबेला ठेवायचं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोंब येतात. त्याची पातळ उसळ कर, लसूण जास्त घाल, आणि खाताना वरनं अर्धं लिंबू पिळ. लिंबू विसरू नको, त्यानं रक्ताला लागणारं लोह अंगाला लागतंय. आणि जेवणाबरोबर चहा अजिबात नको. आपल्याकडं भाकरी चहात बुडवून खायची सवय, ती या दिवसांत सोडायची, चहा प्यायचाच तर जेवण आणि चहा यात तास-दीड तास जाऊ दे.

नाचण्याची आंबील ताक घालून सकाळी अकराच्या सुमाराला पी, भूक पण मोडत नाही. शेवग्याचा पाला पावसाळ्यात भरपूर असतोय, तो तांबड्या मसुरीत घालून कर. शेपू, मेथी, राजगिरा, बाजारात मिळेल ते. अंडं रोज एक, पूर्ण उकडलेलं. आमच्या गल्लीत एक बाई सारखी डाळिंब आणि बीट खायची रक्त वाढायला, डाळिंब खाऊ नये असं नाही, फळ चांगलंच आहे, पण त्यात लोह नावालाच, त्याच्या जिवावर रक्त वाढायचं नाही. खर्च मात्र केवढा.

आणि तुझ्या सासूबाईंना दुखवू नको, ताट त्यांच्यासमोर वाढून घे, "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हण. त्यांच्या वेळी त्यांना पण कोणी पोटभर वाढलं नसणार.

सिस्टर_निवृत्त_बेळगाव

मी बेळगाव तालुक्यात आणि नंतर खानापूर भागात एएनएम (गावातली सरकारी नर्स) म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे. जांबोटीकडची, तुझे प्रश्न फार चांगले आहेत, सावकाश वाच, लांब लिहितेय.

गोळी बंद करायची नाही. पोटुशीपणात एचबी 11 च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, 7 च्या खाली म्हणजे गंभीर. तुझं 9.4 मध्यम. ज्यांचं रक्त बरं आहे त्यांना चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, अशी 180 दिवस, आणि बाळंत झाल्यावर परत 180 दिवस. ज्यांचं कमी आहे त्यांना रोज दोन. म्हणून तुला दोन दिल्या. महिन्यानं परत रक्त तपासायचं, निदान एक पॉइंट तरी वाढायला पाहिजे, नाही वाढलं तर थांबायचं नाही, मोठ्या दवाखान्यात पाठवतात, सलाईनमधनं लोह द्यायची सोय असते.

संडास काळी होणं हे गोळीचंच आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळाचा रंग आई-बापाकडनं येतो, गोळीनं बदलत नाही आणि केशरानंही बदलत नाही. मळमळत असेल तर उपाशीपोटी घेऊ नको, थोडं खाऊन घे, एक गोळी रात्री झोपताना घे म्हणजे मळमळ झोपेत निघून जाते. कॅल्शियमची गोळी पण दिली असेल, पांढरी, दिवसातनं दोन वेळा. ती आणि लाल गोळी एकत्र घेऊ नको, दोन तासांचं अंतर ठेव, नाहीतर लोह अंगाला लागत नाही. बऱ्याच बायका सगळ्या गोळ्या एका घोटात घेऊन मोकळ्या होतात आणि मग म्हणतात रक्त वाढेना. जंताची एक गोळी पण या तीन महिन्यांत देतात, दिली नसेल तर मागून घे.

आता सासूबाईंचं. पोट भरून खाल्ल्यानं पोर एवढं मोठं होत नाही की सिझर लागावं. पोर नको तेवढं मोठं होतं ते बऱ्याच वेळा आईला शुगर असली की. उलट आई उपाशी राहिली तर बाळ अडीच किलोच्या आत भरतं, अशी बाळं मी फार बघितली आहेत, काचेच्या पेटीत ठेवायला लागतात, दूध ओढायची ताकद नसते. हैदराबादच्या पोषण संस्थेचं माप सांगते, पोटुशी बाईला रोजच्यापेक्षा 350 कॅलरी जास्त लागतात. म्हणजे काय, तर एक जास्तीची भाकरी आणि वाटीभर घट्ट उसळ. बस एवढंच. दोन जिवांचं म्हणून दुप्पट खायचं नाही, पण कमीही करायचं नाही. साधारण बांध्याच्या बाईचं नऊ महिन्यांत दहा-बारा किलो वजन वाढायला हवं, फारच बारीक असशील तर त्याहून थोडं जास्त.

पपई पिकलेली चालते, कच्ची नको, तिच्या चिकानं त्रास होऊ शकतो. केळं, अंडं, वांगं सगळं चालतं. काळीज मात्र रोज रोज नको, त्यात व्हिटॅमिन ए फार असतं, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. मासे खात असाल तर गोव्याकडनं येणारे बांगडे, तारली चांगली, मोरी (शार्क) नको, मोठ्या माशात पारा साठतो. दूध उकळून, पाणी पावसाळ्यात उकळून गार करून.

लावणीला जाऊ नको. दिवसभर चिखलात वाकून राबणं म्हणजे व्यायाम नाही, ते कष्ट आहेत. व्यायाम करा असं जे सांगतात ते बसून असणाऱ्या बायकांसाठी. शेतात राबणाऱ्या बाईला उलट दुपारी डाव्या कुशीवर तासभर आडवं पडायला सांगायचं, हे मी मीटिंगमध्ये बोलून बोलून थकले होते, कारण सगळ्यांना एकच कागद वाचून दाखवायचे. तू घरातली हलकी कामं करतेसच, त्यात रोज अर्धा तास चालणं घाल, आठवड्यातनं पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना पण आठवड्याला 150 मिनिटंच म्हणते. पाऊस असेल तर सोप्यात चाल, पडवीत चाल, दहा-दहा मिनिटं तीन वेळा केलं तरी तेच. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागून शब्द तुटायला लागला तर हळू कर. तुझं रक्त कमी आहे म्हणून सुरुवात दहा मिनिटांनी कर आणि बाईंना विचारून वाढव. ओल्या अंगणात, शेवाळ धरलेल्या पायऱ्यांवर चालू नको, पडण्याचीच जास्त भीती. आता पाचव्यापासनं पाठीवर सरळ झोपून करायचे व्यायाम नकोत.

ज्यांना रक्त जातंय, वार खाली आहे, पिशवीला टाका घातलाय, बीपी वाढलंय, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करायचं नाही. आणि डोकं फार दुखून डोळ्यापुढं अंधारी आली, तोंड-हात सुजले, अंगावरनं पाणी किंवा रक्त गेलं, पोटातलं बाळ कमी हलायला लागलं, तर 108 ला फोन, सकाळची वाट बघायची नाही.

शहापूर_पेठ

सिस्टर तुम्ही शुगरचं बोललात म्हणून लिहिते. मला सहाव्यात शुगर निघाली होती. घरात कोणालाच शुगर नाही, मी जाड पण नाही, त्यामुळं आधी विश्वासच बसेना. त्यांनी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला दिलं आणि दोन तासांनी रक्त घेतलं, 140 च्या वर गेलं की शुगर धरतात. जांबोटीकडची, तुझी ती टेस्ट झाली का बघ, पहिल्या वेळी आणि परत सहाव्या-सातव्यात करतात, उपाशीपोटीच जायला पाहिजे असं पण नाही, आणि ती गोड पाणी बघून उलटी येईल असं वाटतंय पण सावकाश प्यायली की जातंय.

मला इन्सुलिन लागलं नाही, जेवणावरच आटोक्यात आली. भात बंद नाही केला, आपल्याला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, पण एक वाटी मोजून, आणि त्याआधी भाजी आणि उसळ खायची, भात शेवटी. सकाळी पोह्याऐवजी ज्वारीची भाकरी आणि झुणका. आंबील बिनगुळाची. कुंदा, करदंट, पेढे सगळं बंद, त्या वेळी घरात दोन लग्नं होती आणि माझ्या पुढनं ताटंच्या ताटं जायची. आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो जेवल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटं चालण्यानं, मी घरातल्या घरातच, माडीवरच्या लांब खोलीत या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत. मुलगी 2.9 किलोची झाली, नॉर्मल. बाळंतपणानंतर दीड महिन्यानं परत शुगर तपासायला लावली, ती पण चुकवू नका कोणी, आपण बाळाच्या नादात विसरून जातोय.

चिकोडी_काकी

सगळं वाचलं. सिस्टरांचा मान ठेवून लिहिते, पण जुन्या बायकांचं सगळंच चुकीचं होतं असं आजकालच्या पोरींना वाटायला लागलंय ते मला पटत नाही. बाळंतिणीला मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं हे काय उगीच देत नव्हते. अंग मोडून आलेलं असतंय, कंबर धरलेली असतंय, दूध उतरायला पाहिजे असतंय. मेथ्या तुपात भिजवून, कणीक खरपूस भाजून, गूळ जुना घालून माझी आई लाडू करायची, सुंठ आणि सुकं खोबरं भरपूर, सकाळी एक खाल्ला की दुपारपर्यंत भूक नाही. आता पोरी लाडू खायला नको म्हणतात, वजन वाढतंय म्हणे, आणि महिन्याभरात पोट कमी करायचे व्हिडिओ बघत बसतात. चाळीस दिवस तरी बाईला विसावा पाहिजे की नको? आमच्या वेळी कोणी कामाला लावत नव्हतं त्या दिवसांत, सगळं आयतं हातात यायचं, ते सुख होतं.

पाणी कमी देतात त्याचं कारण पण असणार, पोट सुटतंय म्हणतात.

सिस्टर_निवृत्त_बेळगाव

चिकोडी काकी, लाडवाच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी जास्त लागतात, पोटुशीपणापेक्षाही जास्त, त्यानंतर सुद्धा 500 च्या वर. दूध काय हवेतनं होत नाही. एक डिंकाचा किंवा मेथीचा लाडू, एक कप दूध आणि एक जास्तीची भाकरी-उसळ, तेवढ्यात ते भागतं. आणि विसाव्याचं तुम्ही बोललात ते तर सोन्यासारखं आहे, ते कोणी सोडू नका, बाळंतिणीनं झोपायला मिळेल तेव्हा झोपायचं.

माझं भांडण आहे ते बंद केलेल्या गोष्टींशी. लाडू आहे पण डाळ नाही, तूप आहे पण पालेभाजी नाही, फळ नाही, पाणी नाही. नुसत्या मऊ भातावर आणि तुपावर बाई ठेवली की चौथ्या-पाचव्या दिवशी मूळव्याधीसारखं होतं, त्यात टाके असले तर तिचे हाल मी डोळ्यांनी बघितलेत, संडासला जायच्या भीतीनं जेवणच सोडतात. पाण्यानं पोट सुटत नाही. पोट सैल पडतं ते नऊ महिने ताणलेल्या स्नायूंमुळं, ते हळूहळू जागेवर येतात. दूध पाजताना घसा कोरडा पडतो, दर वेळी पाजायला बसताना तांब्या जवळ ठेवायचा, तहान लागेल तेवढं प्यायचं, गार नको वाटत असेल तर कोमट प्या.

पालेभाजीनं, डाळीनं बाळाचं पोट दुखतं म्हणतात. एखाद्या बाळाला एखाद्या पदार्थानं त्रास होतोय असं दोन-तीनदा दिसलं तर तेवढा पदार्थ थोडे दिवस सोडा, पण सगळंच आधीच बंद कशाला? दूध वाढायचं तर खरं औषध एकच, बाळाला पुन्हा पुन्हा अंगावर लावणं, रात्री सुद्धा. अळिवाची खीर द्या, चांगलीच आहे, बाळंत झाल्यावर, पोटुशीपणात मात्र नको. पण नुसती खीर पाजून आणि बाळाला बाटली लावून दूध वाढायचं नाही. चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, काढून टाकायचा नाही, पहिल्या तासातच पाजायचं. मध, गुळाचं पाणी, घुटी काही नको, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणी पण नको, आणि मध तर वर्ष होईपर्यंत चाटवायचा नाही.

शेगडीचा शेक देतात त्या बंद खोलीत धुरानं बाळाचा श्वास कोंडतो. बाळंतिणीला शेक बरा वाटत असेल तर गरम पाण्याच्या पिशवीनं घ्या, शेगडी खोलीत नको.

निपाणी_वखार_रोड

नमस्कार, मी पुरुष आहे, इथं विचारलं तर चालेल ना? माझ्या मिसेसला सातवा आहे. सगळं खाणं-पिणं बघतो, फळं आणतो, पण तिला मिश्रीची सवय आहे, लग्नाआधीपासनं. आमच्या आईला पण आहे, आमच्याकडं निम्म्या बायका लावतात, तंबाखूचाच गाव आमचा. ती म्हणतेय मी खात नाही, थुंकून टाकतेय, दात घासायला तर वापरतेय, त्यानं पोटातल्या बाळाला काय होणार. सकाळी, दुपारी जेवल्यावर, संध्याकाळी अशी लावते. नाही लावली की डोकं दुखतंय, संडासला होत नाही म्हणतेय. कसं सोडवायचं?

सिस्टर_निवृत्त_बेळगाव

तुम्ही विचारलंत फार बरं केलंत, हा प्रश्न पुरुषांनीच विचारायला पाहिजे.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. थुंकली तरी हिरड्यांतनं निकोटिन रक्तात जातं, तेच वारेतनं बाळाकडं जातं, बाळाला मिळणारा रक्तपुरवठा कमी होतो. मिश्री लावणाऱ्या बायकांची बाळं वजनाला कमी भरतात, दिवसांआधी बाळंतपण होण्याचा धोका पण वाढतो. दुधातनं पण निकोटिन जातं. त्यामुळं सातवा असला तरी उशीर झाला असं नाही, आज सोडली तरी उरलेल्या दिवसांत बाळाला फायदाच.

डोकं दुखणं, चिडचिड, संडास न होणं हे सवय सुटतानाचं असतं, पहिले काही दिवस जास्त, मग कमी होत जातं. सकाळी उठल्या उठल्या गरम पाणी प्यायला द्या, साध्या पेस्टनं दात घासायचे, तलफ आली की बडीशेप, लवंग, नाहीतर लगेच उठून दोन चकरा मारायच्या. आणि घरात डबी दिसता कामा नये. तुमच्या आईनं पण तिच्यासमोर लावायची नाही, जमलं तर त्यांनीही तिच्याबरोबर सोडायची, एकटीला सोडायला लावणं फार अवघड असतं. 1800112356 हा तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारचा फुकट नंबर आहे, त्यावर समजावून सांगतात. वखारीत किंवा विड्यांच्या कामाला जात असेल तर ते पण आता थांबवा, तिथली धूळ नाकातोंडात जाते.

टिळकवाडी_आई

मी सिझरनंतरच्या व्यायामाबद्दल लिहिते कारण त्याबद्दल कोणी बोललं नाही. माझं सिझर झालं, दुसऱ्याच दिवशी नर्सनं उठवून चालायला लावलं, तेव्हा राग आला होता पण तसं करतात ते पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. पहिले सहा आठवडे मी फक्त चालणं, लांब श्वास, आणि खालच्या स्नायूंचा व्यायाम एवढंच केलं. तो व्यायाम म्हणजे लघवी अडवताना जसं आत ओढतो तसं आत ओढून पाच आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातनं तीन वेळा. लघवी करताना मध्येच अडवून मात्र करायचं नाही. शिंकताना, खोकताना थेंब थेंब जातं ना बायकांना, आपल्याकडं कोणी लाजेनं बोलत नाही, त्याच्यावर हा चांगला उपाय आहे, आणि पोटुशीपणातच सुरू केला तर अजून चांगलं. जांबोटीकडची, तू भाकरी थापता थापता पण करू शकतेस, कोणाला कळत पण नाही.

पोटाचे सिट-अप टाईप व्यायाम लगेच नकोत. आधी डॉक्टरांना दाखवून पोटाच्या मधले स्नायू किती लांब झालेत ते बघून घ्या. घट्ट पट्टा किंवा लुगड्याचं फडकं करकचून बांधतात, त्यानं पोट आत जात नाही, उलट सगळा जोर खाली येतो, सैल आधारापुरतं बांधलं तर चालतं. आणि व्यायामानं दूध आटतं म्हणतात ते खरं नाही. मी दीड महिन्यानंतर रोज सकाळी चालायला जायची, जायच्या आधी पाजून जायची म्हणजे अंग हलकं असायचं, दूध कमी झालं नाही. उपाशी राहून वजन उतरवायच्या नादाला लागू नका, महिन्याला दोन किलोच्या आत हळूहळू उतरलं तर पुरे, पाजण्यानं पण उतरतंच.

जांबोटीकडची_सून

सगळ्यांचे खूप खूप आभार, डोळ्यात पाणी आलं वाचताना. सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं सगळं, चिकोडी काकींचं त्यांना फार पटलं आणि मग सिस्टरांचं पण ऐकलं. 600 कॅलरीचं ऐकून त्या म्हणाल्या आमच्या वेळी कोण मोजत होतं, मला तर तिसऱ्या दिवशी भांडी घासायला बसवलं होतं. रात्री न सांगता दुसरी भाकरी वाढली आणि हुलगे भिजत घातलेत. सोप्यात चालायचं पण सुरू केलंय, त्या पण माझ्याबरोबर चालतात, गुडघे धरलेत त्यांचे.

आता दोन गोष्टी अजून. अंगणवाडीत जेवण मिळतंय म्हणे, पण लांब आहे आणि मध्ये ओढा आहे. आणि बाळंतपणाला चंदगडला गेले तर इकडच्या कार्डाचं काय होतंय? तिकडचे सगळं मराठीत, इकडचं कन्नडमध्ये, तिथल्या डॉक्टरांना कळेल का?

खानापूर_अंगणवाडी

मी अंगणवाडीतच काम करते म्हणून सांगते. 2 ऑक्टोबर 2017 पासनं मातृपूर्ण योजना आहे आपल्या कर्नाटकात, पोटुशी आणि पाजणाऱ्या बायकांना दुपारचं गरम जेवण, भात, सांबार, भाजी, अंडं, दूध, शेंगदाण्याची चिक्की असं. पण आमच्या भागात पावसाळ्यात एवढं लांब चालत कोण येणार ही अडचण खरीच आहे, आम्ही पण वर सांगितलंय. तू ओढा ओलांडून येऊ नको गं, पण नाव नोंदवून ठेव आणि तुमच्या अंगणवाडीच्या बाईंशी बोलून बघ, पावसाळ्यात काय सोय होतेय ती. आशाताई महिन्यातनं येतच असतील, त्यांना कार्ड दाखवून प्रत्येक ओळीचा अर्थ विचारून घे आणि शेजारी मराठीत पेन्सिलीनं लिहून ठेव. आमच्याकडं आलेल्या मराठी पोरींना मी स्वतः लिहून देते.

सिस्टर_निवृत्त_बेळगाव

अंगणवाडीताईंनी सांगितलं तसंच कर. चंदगडला जाताना तायी कार्ड, रक्त-लघवीचे सगळे रिपोर्ट, सोनोग्राफीचे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. आकडे सगळीकडं एकच असतात, एचबी, बीपी, वजन, रक्तगट, बाळंतपणाची तारीख, टिटॅनसचं इंजेक्शन कधी झालं ते. हे सहा-सात आकडे एका कागदावर मराठीत लिहून कार्डाला पिन मार, आणि मोबाईलमध्ये फोटो पण काढून ठेव. आठवा संपायच्या आत तिकडं जा आणि गेल्या गेल्या तिथल्या आशाताईंकडं नाव नोंदव, कळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा दवाखान्यात जाऊ नको. गोळ्या तिकडं जाताना महिनाभराच्या मागून घे, नवीन ठिकाणी मिळेपर्यंत खंड पडतो.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात पोटुशी बायकांना डॉक्टर फुकट तपासतात, चौथ्यापासनं नवव्यापर्यंत. सीमेच्या दोन्ही बाजूंना ही सोय आहे, केंद्राची योजना आहे. या महिन्यात जा आणि एचबी परत करून घे.

आणि इथं ज्या पोरी अजून पोटुशी नाहीत, नुकतं लग्न झालंय, त्यांनी पण हे वाचा. आपल्या बेळगावच्या जेएन मेडिकल कॉलेजनं इथल्या खेड्यातल्या बायकांना घेऊन एक अभ्यास केला होता, चार देशांत एकदम चालला होता तो, 2019 ला निकाल आला. ज्यांना दिवस राहायच्या तीन महिने आधीपासून किंवा पोटुशी असताना पूरक आहार दिला त्यांची बाळं जन्मताना लांबीला चांगली भरली. दिवस राहिल्यावर रक्त वाढवायला धावण्यापेक्षा लग्न ठरलं की एचबी तपासून घ्या.

जांबोटीकडची_सून

सिस्टर, 9 तारखेला रविवार आला तर?

खानापूर_अंगणवाडी

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी असतंय. लवकर जा, दहा वाजता गेलीस तर बारापर्यंत मोकळी होशील, आणि जाताना डबा ने, रांगेत उपाशी उभी राहू नको.